नायगाव ते दीक्षाभूमी सायकलने : अकरा आठवड्यांची तयारी

विजयादशमीला नागपूरला जायचे म्हटले की आपल्या वस्त्यांत आधी गाडीची चौकशी सुरू होते. जीपवाला किती घेणार, एसटी जादा सोडणार का, रेल्वेत पाय ठेवायला जागा मिळेल का. काही तरुण मात्र सायकलने जाऊ म्हणतात. विचार चांगला आहे. अडचण एवढीच, की त्याची तयारी म्हणजे निघायच्या आदल्या संध्याकाळी चाकात हवा भरायची आणि हँडलला निळा झेंडा बांधायचा, असा समज आहे. नायगावहून नांदेड, अर्धापूर, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर गाठायला चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. हे अंतर झेंडा कापत नाही, गुडघे कापतात.

चारशे किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनाऱ्याला पोहोचायचे, अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवस. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली, आणि एकट्याने ही शर्यत संपवणारे पहिले भारतीय ते ठरले. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या आत पार केली होती. हिशोब केला तर एकट्याने जाणारा स्वार रोज चारशे किलोमीटर कापतो. म्हणजे आपला नायगाव ते नागपूरचा सगळा रस्ता ही माणसे एका दिवसात, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा चालवत होती. यातले बहुतेक जण स्वतः डॉक्टर आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्या. शरीर कसे चालते हे ज्यांना पक्के ठाऊक, तेसुद्धा एकदम निघत नाहीत.

आपल्याला शर्यत लावायची नाही. सहा दिवसांत, रोज साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर, उजेडात, हसतखेळत जायचे आहे. गिअर नसलेली साधी काळी सायकलही त्याला चालते. पण शरीराला अकरा आठवडे द्यावे लागतात.

अकराच का, तर हिशोब सरळ आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तिथून विजयादशमीपर्यंत ८३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे. त्यातले सहा दिवस प्रवासाचे. उरले ७७, म्हणजे बरोबर अकरा आठवडे. संध्याकाळी विहारात वाचन असते तेव्हा सकाळ सायकलला द्यायची. मधे अधिक मास आला तर महिना जादा हाताशी येतो, त्या वर्षी आणखी सावकाश वाढवा.

पहिली चक्कर दवाखान्याची

सायकलवर बसण्याआधी रक्त तपासून घ्या. आपल्या वाचकांसाठी हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागात आदिवासी समाजांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. आपल्या कित्येक सोयरिकी यवतमाळ, वाशीम, नागपूरकडच्या असतात, तेव्हा ‘तो तिकडचा आजार’ असे म्हणून चालणार नाही. यात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर माणूस रुग्ण असतो, त्याला डॉक्टर ‘एसएस’ म्हणतात. एकाकडूनच आला तर तो वाहक, म्हणजे ‘एएस’. रुग्णाला दुखणे कळतेच. वाहकाला मात्र जन्मभर काहीच कळत नाही. तो शेतात राबतो, पोलीस भरतीला पळतो, ठणठणीत असतो.

मग वाहकाला काळजी कशाला? तर ऊन, कमी पाणी आणि शरीराला सवय नसलेले टोकाचे श्रम हे तिन्ही एकत्र आले, की वाहकाच्या स्नायूंतही पेशी वाकड्या होऊ शकतात. स्नायूंना रक्त मिळत नाही, ते तुटू लागतात, त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर भार पडतो. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही, ही चांगली बातमी. पण श्रमाने स्नायू तुटण्याचा धोका त्यांच्यात सुमारे दीडपट निघाला. आता यातली दुसरी गोष्ट ऐका. तंबाखू घेणाऱ्या सैनिकांतही तो धोका जवळजवळ तेवढाच वाढलेला दिसला. म्हणजे जे रक्तातून आले त्याला आपला इलाज नाही, पण तेवढाच धोका आपण खिशातल्या पुडीतून विकत घेतो.

त्या लष्करात पाणी पिण्याचे, विश्रांतीचे, उन्हातल्या कवायतीचे नियम सगळ्यांना सक्तीचे आहेत. म्हणूनच वाहकांनी सायकल चालवू नये असा अर्थ कोणी काढू नये. वाहकाने जरूर चालवावी, फक्त जास्त हळूहळू वाढवावी, पाणी चुकवू नये आणि आपण वाहक आहोत हे सोबत्यांना सांगून ठेवावे. जो एसएस रुग्ण आहे त्याने मात्र ही सफर करू नये. त्याने गाडीने यावे, आपण त्याला नागपुरात भेटू.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आधी सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी होते, त्यात संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण हे पक्के ठरते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. आणि हा कागद सायकलपुरता नाही, लग्न ठरवतानाही तो हवा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका पाहण्यापेक्षा हा कागद पाहिलेला बरा.

त्याच खेपेला हिमोग्लोबिन बघून घ्या, विशेषतः मुलींनी आणि ताईंनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असताना दम लागतो आणि बाई ‘माझ्याने होत नाही’ म्हणून सोडून देते. खरे तर तिला लोहाच्या गोळ्या हव्या असतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या बारावीनंतर घरातल्या भावाकडे जातात आणि मुलगी पुन्हा पायी. त्याच सायकलवर ही सफर होऊ शकते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि छातीची पट्टी म्हणजे ईसीजी करून घ्यावा. चढावर छातीत आवळल्यासारखे होत असेल तर तयारी थांबवायची आणि आधी डॉक्टर गाठायचा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर या दिवसांत डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांनाच विचारा, आणि खिशात साखर ठेवा.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला सराव कशाला?’

हा प्रश्न येणारच. गवंड्याच्या हाताखाली दिवसभर घमेली उचलणारा, कृष्णूरच्या एमआयडीसीत उभ्याने पाळी करणारा माणूस दमदार असतोच. पण सहा तास सीटवर बसणे हे वेगळे काम आहे. तिथे तळहात बधिर होतात, मान आखडते, मांडीची कातडी सोलते, आणि गुडघा एका तासात हजारो वेळा एकाच जागी वाकतो. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. गुडघ्याभोवतीचे बंध आणि कंडरा मजबूत व्हायला महिने लागतात. त्यामुळे पंधरा दिवसांनी माणसाला वाटते की आता आपण काहीही करू, आणि नेमका तेव्हाच गुडघा धरतो. वाढ आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायची सावध रीत आहे ती यासाठीच. सुरुवातीला आकडे लहान असतात तेव्हा थोडे जास्त चालते, पुढे नाही.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठ-दहा किलोमीटर, पुढे पुढे पंधरा. रविवारी लांब फेरी. पहिल्या रविवारी २० किलोमीटर, दुसऱ्या रविवारी २५, तिसऱ्या रविवारी ३२. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करून पुन्हा २०. हा उतरता आठवडा मुलांना वाया गेल्यासारखा वाटतो. पण शरीर मजबूत होते ते श्रम करताना नाही, त्यानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. पाचव्या रविवारी ४०, सहाव्या रविवारी ४८.

वेग किती? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. साध्या सायकलवर ताशी बारा-तेरा किलोमीटर उत्तम. ऑडॅक्स इंडियाच्या ब्रेव्हे नावाच्या लांब फेऱ्या महाराष्ट्रात नियमाने होतात. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मुदत असते. म्हणजे चहापाणी, पंक्चर धरून ताशी पंधरा. इतक्या महागड्या सायकली घेऊन येणाऱ्यांनाही मुदत तेवढीच असेल, तर आपण घाई कशाची करायची?

सातव्या आठवड्यापासून खरी तयारी सुरू होते. एक दिवसाची फेरी आणि सहा दिवसांची सफर यांत फरक आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळचा. पहिल्या दिवशी उत्साहात कोणीही सत्तर किलोमीटर जातो. दुखऱ्या अंगाने पुन्हा त्याच सीटवर बसता येते का, हे सरावातच कळायला हवे. म्हणून आता शनिवारी आणि रविवारी लागोपाठ चालवायची. सातव्या आठवड्यात शनिवारी ३५, रविवारी ४५. आठव्यात पुन्हा उतार, फक्त रविवारी २५. नवव्यात शनिवारी ५० आणि रविवारी ५५. दहाव्यात दोन्ही दिवस ६०, आणि तेही कॅरिअरला प्रवासाचे पूर्ण सामान बांधून, त्याच कपड्यांत, त्याच खाण्यावर. काय टोचते, काय सैल होते, कोणाचे ब्रेक लागत नाहीत, हे सगळे या दोन दिवसांत बाहेर येते. नांदेडला जाऊन परत येणे साधारण शंभर किलोमीटर होते. एक रात्र नांदेडला नातेवाइकांकडे काढली, येता-जाता थोडी वाट वाकडी केली की ही रंगीत तालीम घरच्या खर्चात होते.

अकराव्या आठवड्यात दोनदा दहा-दहा किलोमीटर, बाकी आराम. शेवटच्या आठवड्यात जोर लावून काही मिळत नाही.

आता आपल्या भागातली खरी अडचण. याच दिवसांत सोयाबीन काढणीला येते. हातात चार पैसे पडण्याचे हेच दिवस, ते सोडा असे कोणी सांगू शकत नाही. दिवसभर वाकून सोयाबीन कापले असेल तर त्या दिवशी सायकलला सुट्टी. ती कापणी सरावातच धरा. मंगळवार चुकला तर चुकला, तो बुधवारी भरून काढायचा नाही. लागोपाठच्या शनिवार-रविवारच्या तीन जोड्या मात्र चुकवू नका. त्या झाल्या नसतील तर यंदा वर्ध्यापर्यंत गाडीने जावे, आणि वर्धा ते नागपूर एवढाच एक टप्पा सायकलने करावा. त्यात कमीपणा काही नाही.

सायकल, पाणी, खाणे

सीटची उंची हा सायकलवरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सीट खूप खाली असतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकवायची सवय. खाली सीट आणि पुढून दुखणारा गुडघा ही जोडी ठरलेली आहे. आतले कपडे सुती, शिवण जाड नसलेले. मांड्यांच्या आत व्हॅसलिन लावा. रोज मुक्कामावर आधी अंग धुऊन कोरडे कपडे घाला, मग गप्पा. सोबत जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, छोटा पंप, पान्हा. मागे लाल दिवा आणि चमकणारी पट्टी, डोक्यावर हेल्मेट. पावसाळ्यात रिम ओली असताना ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उतारावर आधीपासून दाबत चला. वीज कडाडत असेल तर झाडाखाली उभे राहू नका, पक्के छप्पर गाठा.

खाण्यासाठी बाजारातल्या पुड्यांची गरज नाही. चालवताना तासाला एक केळ आणि मूठभर गूळ-शेंगदाणे पुरतात. अर्धापूरची केळी तर वाटेतच आहेत. भूक लागल्यावर खाणे म्हणजे उशीर झाला असे समजा. सकाळी निघताना भाकरी किंवा धपाटे, रात्री वरण-भात, उसळ, अंडी. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. ऑक्टोबरच्या उन्हात नुसते पाणी लिटरावर लिटर पिणेही बरे नाही, घामातून मीठ जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू पिळा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे.

सहा दिवस

पहिला मुक्काम अर्धापूर, दुसरा उमरखेड, तिसरा आर्णी, चौथा कळंब, पाचवा वर्धा, सहाव्या दिवशी नागपूर. वारंग्यानंतर हदगाव, पुढे पैनगंगा ओलांडली की विदर्भ. तिसरा-चौथा दिवस सर्वांत जड जातो. अंग दुखते, चिडचिड होते, आणि त्यात यवतमाळकडे चढ आहेत. तिथे उतरून सायकल ढकलली तरी चालते. यवतमाळ सोडल्यावर रस्ता वर्ध्याच्या बाजूला उतरत जातो. पाचव्या दिवशी कळंब ते वर्धा हा टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण शेवटचा वर्धा ते नागपूर सर्वांत लांब, ऐंशीच्या आसपास.

सकाळी उजाडताच निघा. साडेअकरा ते तीन सावलीत झोप. अंधार पडायच्या आत मुक्काम. रात्री महामार्गावर सायकल चालवायची नाही, कितीही जण सोबत असले तरी. रांगेने, डाव्या कडेने, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे तो मागे एकटा पडत नाही. गटात कोण वाहक आहे, कोणाला साखर आहे, हे प्रत्येकाला माहीत हवे.

पायात गोळा आला तर स्नायू दगडासारखा घट्ट होतो, ताणला की सुटतो. ते साधे दुखणे. पण मांड्या किंवा कंबर खूप दुखते, पायातले बळ गेले आहे आणि हाताला स्नायू मऊच लागतो, तर ते वेगळे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर अजिबात वेळ घालवू नका. त्याला सावलीत घ्या, अंगावर ओले कापड टाका, शुद्धीवर असेल तर पाणी पाजा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका आल्यावर पहिले वाक्य हे सांगायचे : हा सिकलसेलचा वाहक आहे, किंवा याची तपासणी झालेली नाही. डोके गरगरणे, बडबडणे, अंग तापून घाम थांबणे हा उष्माघात, त्यालाही हेच. ‘थोडे बसू दे, बरा होईल’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्या वेळी नम्रपणे बाजूला करा.

नागपुरात शिरल्यावर सायकली शहराच्या कडेला ओळखीच्या घरी किंवा विहारात ठेवा आणि पुढे पायी जा, दीक्षाभूमीच्या गर्दीत सायकल ढकलत नेणे कोणालाच सोयीचे नाही. परतीला सगळ्यांनी मिळून एक टेम्पो ठरवा. तो आधीच ठरवलेला असावा, त्या दिवशी नागपुरात भाडे विचारण्यात अर्थ नसतो. घरी आल्यावर आठवडाभर सायकल फक्त दुकानापर्यंत. गुडघ्याची सूज, न भरलेली जखम किंवा लघवीचा बदललेला रंग दिसला तर दवाखान्यात दाखवा, आणि कितवा दिवस कोणाला जड गेला हे एका वहीत लिहून विहारात ठेवा, पुढच्या वर्षी जाणाऱ्या पोरांना ते लागेल.